तालुक्यातल्या ग्रंथपालांसाठी दोन दिवसांचं शिबिर: काय ठेवायचं, काय गाळायचं

ताई, तुमचा प्रश्न मिळाला. तालुक्यातल्या सव्वीस सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथपालांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर तुमच्या वाचनालयाकडे आलं आहे. विषय तीन: उपक्रम, वाचक सेवा आणि तंत्रज्ञान. वक्ते कोण बोलवावेत, वेळापत्रक कसं लावावं आणि कोणतं सॉफ्टवेअर शिकवावं, असं तुम्ही विचारलंय. सोबतच्या कच्च्या वेळापत्रकात आठ व्याख्यानं आहेत, उद्घाटन आणि समारोप वेगळे.

त्या आठांतली सहा काढून टाका, हे माझं पहिलं सांगणं. वक्त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी सत्तावीस वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. अशा शिबिरांना आधी ऐकायला गेले, मग शिकवायला. ऐकलेलं वहीत राहतं आणि वही कपाटात जाते, हे मी माझ्याच कपाटात पाहिलंय.

समोर कोण बसणार आहे ते आधी डोळ्यांपुढे आणा. सव्वीसांपैकी बरेच 'क' आणि 'ड' वर्गातल्या, म्हणजे अनुदानाच्या उतरंडीत खालच्या दोन पायऱ्यांवरच्या वाचनालयांचे असतील. संध्याकाळी दोन-तीन तास वाचनालय उघडायचं, उरलेला दिवस शेत, नाहीतर दुकान, नाहीतर शिकवण्या. मानधनावर घर चालत नाही, आणि तेही अनुदानाचा हप्ता आल्यावरच हातात पडतं. असा माणूस दोन दिवस तुमच्याकडे येतो तेव्हा त्याचे घरचे दोन दिवस बुडतात. पण त्याला नवखा समजू नका. १९६७ चा ग्रंथालय अधिनियम आणि १९७० चे अनुदानाचे नियम यांच्याखाली लागणारा प्रत्येक कागद त्याला पाठ असतो. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, खर्चाच्या पावत्या, वार्षिक अहवाल, सगळं चोख. तपासणीला साहेब आले की पाच मिनिटांत समोर ठेवतील. कमी पडतो तो भरवसा. नवीन काही आपल्याच्यानं होईल, गावात कोणी हसणार नाही, हा भरवसा. तो भाषणानं येत नाही. एकदा आपल्या हातानं केलं की येतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी पकडताना प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःच्या वाचनालयाचं एक काम पूर्ण होऊन असावं. स्वतःच्या पुस्तकांची यादी असेल, स्वतःच्या गावच्या कार्यक्रमाचा तारखेसकट आराखडा असेल. ज्या सत्रातून असं काही हाताला लागत नाही ते गाळा.

आपल्याकडे ग्रंथपालांचं प्रशिक्षण शंभर वर्षांहून जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. त्याच काळात बडोद्याहून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. शिकवणं आणि पुस्तक गावात पोहोचवणं एकाच खात्याच्या हाती होतं. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. पुढे आपली प्रशिक्षणं परीक्षेच्या अंगानं गेली, वर्गीकरण आणि तालिकीकरण पाठ झालं आणि पेटी मागे राहिली.

तारखा तुम्ही जूनच्या धरल्यात, त्या बदला. जूनमध्ये पेरणी सोडून कोणी येणार नाही आणि आला तरी त्याचं मन ढगांत असेल. आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पोळा झाला की सोयाबीन सवंगायला येईपर्यंतचे दिवस बरे. भंडारा-गोंदियाकडे घ्यायचं असतं तर रोवणी आटोपल्यावर सांगितलं असतं. पोळ्यानंतर घेतलं की आणखी एक सोय होते: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन समोर असतो. शिबिरात आखलेला कार्यक्रम महिन्याभरात करून पाहता येतो.

वर्गीकरणाला तुम्ही तीन तास ठेवलेत. अर्धा तास पुरे. गावच्या वाचनालयात निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी कथा-कादंबऱ्यांची असतात. ड्यूईच्या पद्धतीत, जिथे प्रत्येक विषयाला एक अंक असतो, मराठी कथात्म साहित्य सगळं ८९१.४६३ या एकाच अंकाखाली येतं, मग अंक लिहूनही पुस्तक शोधायला काय मदत झाली? तिथे लेखकाच्या आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांची चिठ्ठी कण्यावर लावणं जास्त उपयोगी. ड्यूईचा खरा उपयोग आपल्याकडे शेतीच्या कपाटाला होतो. कापूस ६३३.५१, सोयाबीन ६३३.३४, संत्रा ६३४.३१. हे तीन अंक सांगा, प्रत्येकाला आपल्या गावच्या पिकाचं एक पुस्तक हातात देऊन अंक लिहायला लावा आणि पुढे चला.

आता तंत्रज्ञान. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि उमेद इथेच वाया जाताना पाहिली आहे.

तुम्ही विचारलंत, ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरपैकी कोहा शिकवावं की ई-ग्रंथालय? दोन्ही चांगली. ई-ग्रंथालय आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं. कोहा न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं, २००० साली चालू झालं, आणि मुक्त असल्यामुळे त्याला परवाना शुल्क नाही. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही नावं जरूर सांगा, पडद्यावर दहा मिनिटं दाखवाही. पण दीड-दोन हजार पुस्तकांच्या वाचनालयाला, जिथे संगणक एक, तोही कधी चालतो कधी नाही, आणि संध्याकाळची वीज भरवशाची नाही, तिथे सॉफ्टवेअर ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे स्वच्छ यादी. साधी शीट, जी मोबाइलवरही उघडते. रकाने सात: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. ही यादी नीट असली तर उद्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. यादीच वाकडी असली तर महागडं सॉफ्टवेअरही तिला सरळ करत नाही.

वाकडी म्हणजे कशी, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाचनालयानं एका पुरवठादाराकडून संगणक आणि प्रणाली घेतली. साडेचार हजार पुस्तकांची नोंद झाली, दोन मुलींनी चार महिने बसून केली. नोंद केली जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नाही. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठलेली असतात. संगणक बिघडला, नवा आला, त्यावर तो फॉन्ट नव्हता. सगळ्या याद्या डॉलर, टक्के आणि तुटक्या इंग्रजी अक्षरांच्या झाल्या. पुरवठादार फोन उचलेना. असा मजकूर परत युनिकोडमध्ये आणणारी साधनं असतात, हे तेव्हा तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या मुलींपैकी एक माझ्याकडे येऊन रडली होती. म्हणून शिबिरातलं तंत्रज्ञानाचं पहिलं वाक्य हेच असू द्या: मराठी युनिकोडमध्येच लिहायचं, मोबाइलवर लिहा की संगणकावर.

युनिकोडमध्येही एक खाच आहे आणि ती नेमकी आपल्या शब्दाला लागते. मागच्या एका शिबिरात साठी ओलांडलेले एक काका होते, पस्तीस वर्षं वाचनालय सांभाळणारे. त्यांनी शीटमध्ये शोधलं, 'शेतकऱ्यांचा'. उत्तर आलं, काही नाही. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, नोंद त्यांनी स्वतः सकाळी केली होती. ते म्हणाले, "बाई, पुस्तक माह्या मांडीवर हाये, अन् हे यंत्र म्हणते का नाहीच हाये." वर्गात शांतता झाली. मी त्यांची सकाळची नोंद आणि आत्ताचा शब्द एकाखाली एक ठेवून दाखवला. शेतकऱ्यांचा, शेतकर्‍यांचा. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण पहिल्यात र खाली टिंब असलेला, मराठीचा खास ऱ; दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. यंत्राला हे दोन वेगळे शब्द. कोणी घाईत 'शेतकर्यांचा' असा रफार देऊन लिहिलं की तिसरा शब्द तयार. आपल्या वाचनालयांत शेतकऱ्यांवरची पुस्तकं किती, दऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड हे शब्द किती, विचार करा. वऱ्हाडातल्या वाचनालयाला 'वऱ्हाड' शोधून सापडू नये, हे मला सहन होत नाही.

उपाय सोपा आहे. सगळ्यांनी एकच पद्धत धरायची. इनस्क्रिप्ट कळफलकावर र जिथे आहे तीच कळ शिफ्ट धरून दाबली की टिंबाचा ऱ येतो, पुढे हलन्त आणि य. काकांना मी तो शब्द वीस वेळा लिहायला लावला. नंतर त्यांनीच बाकीच्यांना शिकवला, माझ्यापेक्षा चांगला.

आणखी दोन गोष्टी याच सत्रात उरका. दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकायचा, कारण देवनागरी आकड्यांना शीट बहुधा अक्षरं समजते आणि क्रम लावला की १० हा २ च्या आधी जाऊन बसतो. आणि लेखकाचं आडनाव आधी, मग नाव, सगळीकडे तसंच. तासाभराच्या सरावात एक माणूस मोबाइलवर वीस-पंचवीस नोंदी करतो. दोन सत्रांत पन्नास. पन्नास पुस्तकांची स्वतःची यादी घेऊन घरी गेलेला माणूस एक्कावन्नावं पुस्तक घरी बसून टाकतो. निघण्याआधी ती यादी पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर, अशी दोन ठिकाणी ठेवायला लावा.

पीडीएफ पुस्तकांचा विषय कोणीतरी काढेलच. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फिरतात आणि कित्येक ग्रंथपाल वाचकप्रेमानं त्या पुढे पाठवतात. स्पष्ट सांगा की हे करायचं नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. वाचकाला मोफत वाचायला देण्यासारखं कायदेशीर भांडार भरपूर आहे: मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळानं खुली केलेली पुस्तकं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मुलांसाठी स्टोरीवीव्हर. या पाच ठिकाणांचे क्यूआर कोड एका कागदावर छापून प्रत्येकाला द्या, वाचनालयाच्या दाराला चिकटवायला.

उपक्रमांकडे येते. आपल्याकडे उपक्रम म्हणजे जयंती, हार, फोटो आणि अहवालात एक ओळ. १२ ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, त्यांच्या फोटोला हार घालतो. ते करा, त्यात आदर आहे. पण माझी कसोटी अशी: कार्यक्रमाला आलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत वाचनालयाची पायरी चढला का?

या कसोटीला उतरलेला एक कार्यक्रम सांगते, तो तुमच्या तालुक्यात जसाच्या तसा करता येईल. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण कोणी विसरलो नाही. त्यानंतर मी जुलैमध्ये, फवारणी सुरू होण्याआधी, वाचनालयात 'लेबल वाचू या' असा दीड तासाचा कार्यक्रम ठेवू लागले. औषधांचे डबे आणायचे नाहीत, फक्त लेबलांचे मोठे फोटो आणि आतल्या घडीपत्रिका. डब्यावर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. माझ्या पहिल्या कार्यक्रमात चाळीस माणसं होती आणि तो रंग कशासाठी असतो हे सहा जणांना माहीत होतं. हिरवा म्हणजे पिकाला चांगला, असं बरेच जण धरून होते. हिरव्यातही विषच असतं, फक्त तुलनेनं सौम्य, हे तेव्हा कळलं. घडीपत्रिकेतली अक्षरं इतकी बारीक की म्हातारी माणसं सोडून देतात. ती मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून कशी वाचायची ते दाखवलं. प्रमाण कुठे लिहिलंय, फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं, विषबाधा झाली तर उतारा काय, आणि दवाखान्यात जाताना लेबल किंवा पत्रिका सोबत न्यायची. कृषी सहायकांना बोलावलं होतं, पण बोलायला नाही, प्रश्नांना उत्तरं द्यायला. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोन मजूर बायका वाचनालयात आल्या, हातात पत्रिका घेऊन, "बाई, हे वाचून सांगा" म्हणत. वाचनालयात कधी न आलेल्या बायका. त्यांच्यासाठी वाचनालय काय आहे, ते त्या दिवशी ठरलं.

शिबिरात प्रत्येकानं आपल्या गावासाठी असा एक कार्यक्रम कागदावर मांडावा. तारीख, जागा, कोणाला घरी जाऊन सांगायचं, खर्च किती, आणि माणूस परत यावा म्हणून त्याच्या हातात काय द्यायचं. पाच जणांचे गट करा आणि एकमेकांच्या कागदाला प्रश्न विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

सेवांमध्ये मी ग्रंथपेटीवर भर देईन. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ साली आले, आणि त्याच वर्षी तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं वाचनालय सुरू झालं. आपल्या बंडीतही पेटी सहज बसते, आता तर मोटारसायकलच्या मागेही. तीस पुस्तकं, एक वही, महिन्याची अदलाबदल. पेटी बचत गटाच्या अध्यक्षाबाईंकडे ठेवा, अंगणवाडीत ठेवा, पारावरच्या दुकानात ठेवा. पेटीत काय घालायचं हे शिबिरात खरोखर पुस्तकं मांडून ठरवू द्या. एका बाजूला मोठ्या अक्षरांची पुस्तकं, बायकांना हवी असतात पण मागायला संकोच वाटतो ती आरोग्याची पुस्तकं, आणि निम्मी मुलांची.

पोलीस भरती आणि लोकसेवा आयोगाची तयारी करणारी मुलं हा आज गावच्या वाचनालयाचा सर्वांत नियमित वाचक आहे. काही संचालक मंडळांना ती नकोशी वाटतात, जागा अडवतात म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. त्यांना आयोगाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची छापील फाइल द्या आणि अभ्यासिकेतला दिवा उशिरापर्यंत चालू ठेवा. त्यांच्यातलीच दोन मुलं तुमच्या यादीच्या नोंदी करायला हातभार लावतील.

मेळघाटच्या कोरकू आणि गडचिरोलीच्या गोंडी-माडिया गावांत सेवेचं रूप वेगळं असतं, तिथे गोष्ट आधी कानानं पोहोचते. तुमच्या तालुक्याला तो भाग लागत नाही म्हणून त्यात शिरत नाही. पण भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या, गावच्या शाळेच्या स्मरणिका, जुन्या नाटकमंडळींचे हँडबिल तुमच्याकडेही असतील. त्यांचे मोबाइलवर नीट फोटो कसे काढायचे, उजेड कुठून घ्यायचा, फाइलला नाव काय द्यायचं, यावर पाऊण तास ठेवा. असे कागद पुन्हा कुठे मिळत नाहीत आणि वाळवी थांबत नाही.

वक्ते म्हणून बाहेरचा एक माणूस पुरे, जिल्हा ग्रंथालय अधिकारी, आणि तेही दुसऱ्या दिवशी दुपारी, अनुदानाच्या शंकांना उत्तरं द्यायला. बाकी सगळं तुमच्या सव्वीसांतल्यांनीच शिकवावं. ज्यांची पेटी चालते त्यांनी पेटीचं, ज्यांची यादी झाली त्यांनी यादीचं. महिनाभर आधी सव्वीस फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडे काय चांगलं चाललंय?" काहीच नाही असं पहिल्यांदा सगळे म्हणतात. दुसऱ्यांदा विचारा.

दोन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची बैठक आत्ताच जाहीर करून ठेवा. तिथे भाषण नको, कोण कुठे अडलं तेवढंच. शिबिराचं प्रमाणपत्रही त्या दिवशी द्या, आधी नको.

बोलावण्याचं पत्र ग्रंथपालांबरोबर वाचनालयाच्या सचिवांच्या नावेही पाठवा. त्यात ठळक लिहा: दाखल रजिस्टरचा पहिला खंड, मोबाइल आणि चार्जर सोबत आणावा. सचिवांना पत्र गेलं नाही तर रजिस्टर कपाटाबाहेर काढायला परवानगी मिळत नाही आणि माणूस रिकाम्या हातानं येतो. मूळ रजिस्टर न्यायला कोणी तयार नसेल तर पहिल्या दहा पानांचे फोटो चालतील. आणि सभागृहात एक्स्टेन्शन बोर्ड किमान सहा, जनरेटर नसेल तर मोबाइलचं काम सकाळच्या सत्रात.